पंपाची खरखर

धाकट्या,

त्या दिवशी पंप घरघरायला लागला आणि तू म्हणालास, "दादा, बेअरिंग गेलंय, खोलून बघू." मी कान लावला आणि सगळ्या कामगारांसमोर तुला झापलं, "पट्टा सैल आहे. मला शिकवू नकोस, शहाण्या!" तू कारखाना सोडून गेलास. मी गुपचूप बेअरिंग बदललं आणि पट्टा ताणल्याची बढाई मारली.

खरं म्हणजे बेअरिंगची खरखर मलाही ऐकू आली होती. पण ते तू आधी बोललास ना!

आता काही बिघडलं की मी सगळ्यांना विचारतो, स्वतः शेवटी बोलतो. फिटर हसतो, "मालक, हल्ली फार विचारता!" तुला मात्र सगळे अजून अर्धवटच समजतात.

हे पत्र टाकू का, हेही त्यांना विचारलं असतं. पण मग आधी पंपाचं खरं काय ते सांगावं लागलं असतं.

तोंड लपवून बसलेला,
तुझा दादा