ताईची पट्टी निघाली

तीर्थरूप आईस, धाकटीचा नमस्कार.

आधी हेच सांगते, की ताईचं ऑपरेशन छान झालं. कॅन्सरपायी स्तन काढला होता, तिथे डॉक्टरीणबाईंनी तिच्याच पोटावरची चरबी नळीने काढून सुईने थोडी थोडी भरली. काय हात आहे बाईंचा! ऑपरेशनआधी ताई त्यांना म्हणाली, "हवी तेवढी घ्या, सगळी आईच्या हातची आहे." बाई हसतच सुटल्या.

पोट काळंनिळं झालंय, पण ते उतरेल. भरलेली थोडी चरबी विरते म्हणे, त्यामुळे पुन्हा एकदा भरावी लागेल. तू काळजी करू नकोस, मी करतेय तेवढी पुरे. बाबांचा गुडघा कसा आहे?

काल पट्टी निघाली. अंधारात कपडे बदलणारी आपली ताई भर उजेडात आरशासमोर उभी राहिली. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "थोडं उंचसखल आहे गं, पण आहे माझंच."

मग तिने मला जवळ ओढलं. जपायला सांगितलंय, म्हणून अगदी हलकेच. आई, आजार आल्यापासून तिने कुणालाच छातीशी येऊ दिलं नव्हतं.

तुझी,
सध्या ताईची नर्स