येणाऱ्या पिक्चरचा ब्लाऊज

दिनांक १९ नोव्हेंबर २०१७, रविवार. सकाळी बरीच थंडी होती. नाक्यावरून पोहे आणून खाल्ले. मुलगा आणि सून सिमरोलला एका लग्नाला गेले आहेत, रात्री येतील. दुकान रविवारी बंद असते. आतून कडी लावून इथेच बसलो आहे.

मी, किसन सखाराम सोनोने, वय ६९, राहणार परदेशीपुरा, इंदूर, धंदा शिवणकाम, त्याआधी मिलमध्ये विणाई खात्यात कामगार, असे लिहून ठेवतो की माझी शुद्ध शाबूत आहे, सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवता येतो, आणि हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही. हे माझे पहिलेच आणि शेवटचे मृत्युपत्र आहे. वकीलसाहेबांनी नमुना दिला. ते म्हणाले, "कोणाला काय ते लिहा. का, ते लिहायची गरज नाही." पण कारण कळल्याशिवाय नरेंद्रला काही पटत नाही, आणि समोर बसून सांगणे मला जमत नाही. म्हणून दोन्ही लिहितो.

कलम १. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मुलगा नरेंद्र याला. पावसाळ्याच्या आधी गच्चीला डांबर लावून घ्यावे. दरवर्षी सांगतो, आता लेखी सांगितले.

कलम २. बँकेतील ठेव मुलगी पिंकी हिला. जावई भले आहेत, पण त्यांनी त्यातून स्कूटर घेऊ नये. आतापर्यंत घेतल्या तेवढ्या पुरे.

कलम ३. टेपरेकॉर्डर आणि कॅसेटचा खोका नरेंद्रला. दुकानात दिवसभर गाणी चालत, मशीनवरचा पाय त्याच ठेक्यावर पडे. एका कॅसेटमध्ये ऐन कडव्यात नरेंद्रचा दहाव्या वर्षीचा आवाज येतो, "और ये छक्का!" त्याने चुकून वरून रेकॉर्ड केले होते आणि माझा मार खाल्ला होता. ती कॅसेट फेकू नये. त्याच्या आईला खोक्यातली तीच सर्वांत आवडायची.

कलम ४. रस्त्याकडचे दुकान, दोन्ही मशीन, कात्र्या, इस्त्री, आणि भिंतीवर चिकटवलेली नट्यांची चित्रे, हे सर्व सून धम्मदीना हिला, तिच्या एकटीच्या नावाने. ते विकायचे, भाड्याने द्यायचे की चालवायचे, हे तिनेच ठरवावे.

नरेंद्र, तू मोबाइलवाला भाडेकरू पाहून ठेवला आहेस, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी जेवताना तू म्हणालास, "बाबा, आता ब्लाऊज शिवतं कोण? सगळं ऑनलाइन मिळतं." धम्मदीना पोळी वाढत म्हणाली, "मी शिवते." तू म्हणालास, "तुझं नाही म्हणत गं." ती तव्याकडे वळली, मी जेवत राहिलो. तू वाईट मुलगा नाहीस. भंवरकुआंच्या क्लासच्या ऑफिसात दिवसभर मुलांच्या फीचे बघून येतोस, तुला दुकान म्हणजे बंद शटर वाटते. म्हणून कारण ऐक.

एक्याण्णव साल सरताना मिलचा भोंगा थांबला. भोंगा नाही तर उठायचे कधी, जेवायचे कधी, हेच मला कळेना. तुझी आई एक दिवस म्हणाली, "अहो, बसायचंच आहे तर मशीनवर बसा." ती मशीन तिच्या लग्नात आली होती. तिचे वडील महूच्या छावणीत शिपायांच्या वर्द्या शिवत. शारदाला सगळे येत होते. मी आयुष्यभर कापड विणले, पण कापायला तिने शिकवले.

तेव्हा घरोघरी केबल येत होती. बायका येत आणि म्हणत, "त्या गाण्यातला तसा शिवा." फोटो कोणाकडे नसे, आणि गाण्यात नटी एका जागी थांबत नसे. मग आम्ही दोघे टॉकीजमध्ये पुढचे स्वस्त तिकीट काढून बसायचो आणि काम वाटून घ्यायचो. समोरचा गळा आणि बाही मी पाहायची, पाठ तिने. नटी वळली की माझी पाळी सुटली, तिची लागली. शारदा कोपराने ढोसायची, "वळली, आता गप्प बसा." तुला एकदा सोबत नेले होते. बाहेर आल्यावर तू विचारलेस, "बाबा, व्हिलनला कोणी मारलं?" मी म्हणालो, "मी गळा पाहत होतो." तू आईकडे वळलास. ती म्हणाली, "मी पाठ पाहत होते." तू रडलास. आम्ही इतके पिक्चर पाहिले, पण एकाचीही गोष्ट आजही मला सांगता येणार नाही.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीतल्या लीलाबाईंच्या कस्तुरीचे लग्न ठरले. बर्फातल्या एका गाण्यातला ब्लाऊज तिला हवा होता. आम्ही पाहून आलो आणि शिवला. समोरून गळ्यापर्यंत बंद, शाळेतल्या बाईंसारखा. पाठीला पानाच्या आकाराची मोठी खिडकी आणि खाली लटकन. कस्तुरी आरशासमोर गोल फिरली आणि "काढणारच नाही" म्हणाली. दुसऱ्या दिवशी लीलाबाई दुकानात हजर.

"शारदाबाई, मी चष्मा लावून, बालकनीचं तिकीट काढून पाहून आले. असा ब्लाऊज त्या पिक्चरमध्ये नाहीच!"

खरेच नव्हता. त्या गाण्यात नटी सारखे कपडे बदलते. मी गळा पहिल्या साडीवरचा आणला होता, शारदाने पाठ तिसऱ्या साडीवरची. दोन वेगळे ब्लाऊज आम्ही एकमेकांना जोडले होते. शारदाने तोंडातली टाचणी काढली.

"लीलाबाई, तो येणाऱ्या पिक्चरमधला आहे."

"कधी येणार?"

"दिवाळीला."

"नाव काय?"

"नाव अजून ठेवलं नाहीये."

लीलाबाई विचार करत गेल्या आणि संध्याकाळी भाचीला घेऊन आल्या. मग रांगच लागली. शारदा म्हणायची, "समोरून सासू खूश, मागून मैत्रिणी. कुठल्या पिक्चरला हे जमलंय?" मिलच्या प्रत्येक गल्लीत बाप घरी बसलेला होता, पण त्या वर्षी मुलींची लग्ने झाली आणि पुष्कळ जणी तो ब्लाऊज घालून नांदायला गेल्या. आपले घर त्यावर उभे राहिले. दिवाळी आली, पिक्चर आला नाही. कोणी विचारले की शारदा म्हणे, "अटकलाय."

तसा ब्लाऊज खांद्यावरून उतरतो. शारदाच्या हातचा उतरत नसे. ती पाठ कशी कापते ते तिने कागदावर कधी काढले नाही. समोरचे कटिंग माझ्याकडे खाकी कागदावर आहे, पाठ तिच्या डोळ्यात होती. ऑगस्टमध्ये ती गेली, तिच्याबरोबर पाठही गेली, असे मी धरून चाललो.

दसऱ्यानंतर कस्तुरी आली. "काका, मुलीचं लग्न आहे. तोच पाहिजे. माझा तर आईने बोहारणीला देऊन स्टीलची बादली घेतली." मी नाही म्हणालो. पाठ मला येत नाही, असेही सांगितले. धम्मदीना शेजारच्या मशीनवर काज करत होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात आलो तर टेबलावर पांढऱ्या कापडाचे तुकडे सुटे मांडलेले, आणि ती खडूने कागदावर त्यांच्या कडा उतरवत होती.

"हे काय?"

"माझ्या लग्नातला, बाबा. आईंनी शिवलेला."

आपल्या बौद्धांत नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. त्या साडीवर शारदाने सुनेला तोच ब्लाऊज शिवून दिला होता, हे मी विसरून गेलो होतो.

"लग्नाचा ब्लाऊज उसवलास?"

"पाठ आणखी कुठे मिळणार होती?"

मी कपाटातून समोरचे कटिंग काढून तिच्या कागदाशेजारी ठेवले. एवढेच केले. कस्तुरीच्या मुलीने ट्रायलला उड्या मारून पाहिल्या. खांदा जागचा हलला नाही. धम्मदीना हसली आणि पुढचे कापड घेऊन बसली. तिला शाबासकी द्यायची राहिली. हे कलम तीच समजावी. नरेंद्र, तू तिला ते वाचून दाखव, आणि भाडेकरूला दुसरी जागा पाहून दे.

कलम ५. पलीकडच्या गल्लीतील टेलर दौलतराव जाधव यांना काहीही देऊ नये. ब्याण्णव साली त्यांनी आमच्या आधी पाटी लावली होती, "येणाऱ्या पिक्चरचा ब्लाऊज येथे शिवून मिळेल." त्यांच्या ब्लाऊजचे खांदे उतरत आणि बायका भांडायला आमच्याकडे येत. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये. म्हणून त्यांना साक्षीदार केले आहे. मात्र शारदा गेली त्या दिवशी सर्व आटोपेपर्यंत ते बाहेर बाकावर बसून होते. निघताना म्हणाले, "किसन भिया, एक विचारू? तो पिक्चर शेवटी आला का?" त्या दिवशी मी तेवढाच एकदा हसलो. त्यांना दुकानात चहा मिळत राहावा.

कलम ६. माझ्यामागे वंदना करावी, भाषणे नकोत. पुण्यानुमोदनाला पोहे ठेवावेत, शेव भरपूर.

कलम ७. धम्मदीनाच्या ब्लाऊजचे तुकडे तेव्हापासून पिशवीत पडून आहेत. लोकांच्या लगीनसराईत तिला आपले शिवायला वेळ झालेला नाही. साक्षीदार संध्याकाळी पाचला येणार आहेत, तोवर मी मोकळा आहे. कापड जुने होऊन थोडे पिवळसर झाले आहे, नवा पांढरा दोरा त्यावर उठून दिसतो. डब्यात शोधून जुळणारे रीळ काढले आहे. दोन्ही खांदे जोडून झाले. आता बाकीची पाठ घेतो.

सही: किसन सखाराम सोनोने

साक्षीदार: दौलतराव जाधव, टेलर. (कलम ५ वाचले. मान्य नाही. सही करतो.)

साक्षीदार: कस्तुरी पवार

स्थळ: दुकान, परदेशीपुरा, इंदूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०१७