मानाची पहिली लस

१७ फेब्रुवारी २०२१, बुधवार

रोजनिशी पुन्हा सुरू. गेलं वर्षभर लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. जे घडलं ते पेपरात येत होतं. आता मात्र मी स्वतः काहीतरी घडवणार आहे. यमुनापार महाराष्ट्र स्नेहवर्धक मंडळाचा हॉल गेल्या मार्चपासून बंद आहे, आणि अध्यक्ष मी आहे. केंद्र सरकारात उभा जन्म फायली हलवल्या, डेप्युटी सेक्रेटरी म्हणून रिटायर झालो. एक कुलूप उघडणं म्हणजे काय!

कुमुदला सांगितलं. म्हणाली, आधी आतले उंदीर बघा.

बायकांना व्हिजन नसते.

२० फेब्रुवारी

आराखडा तयार. 'टप्पेवार पुनरुद्घाटन', चौदा पानं. सॅनिटायझरची बाटली कुठे ठेवायची याची आकृतीसुद्धा काढली. सूर्यकांत फणसळकरांना (खजिनदार, स्वभावाने खवट) व्हॉट्सॲपवर पाठवला. लगेच अंगठा आला. एवढ्यात वाचून झाला म्हणजे माणूस दिसतो त्यापेक्षा हुशार आहे.

२८ फेब्रुवारी, रविवार

उद्यापासून साठीच्या वरच्यांना लस. दाढी करता करता सुचलं, हॉल उघडायचा तो लसीकरण शिबिरानेच! दिल्लीतल्या मराठी माणसाने सरकारी रांगेत धक्के का खावेत? आपला हॉल, आपली माणसं, टोचून झाल्यावर आपला बटाटेवडा. ग्रुपवर सूचना टाकली: कोणीही बाहेर लस घेऊ नये, सर्वांनी मंडळाच्या शिबिरासाठी थांबावे. दुपारपर्यंत अंगठ्यांचा पाऊस. शिवाय फुलं, नमस्कार. दर जानेवारीला आम्ही पानिपतच्या स्मारकावर, काला अंबला जाऊन हळहळतो. एवढी एकी तेव्हा पानिपतावर असती तर हळहळावं लागलंच नसतं.

३ मार्च

अलकनंदा दिघे यांचा फोन. महिला शाखेच्या प्रमुख. शिबिराबद्दल अक्षर नाही, थेट प्रश्न: पहिल्या लशीचा मान कोणाचा? हळदीकुंकवाला पहिली ओटी त्यांची, गणपतीला पहिली आरती त्यांची, तेव्हा ओघानेच... मी ओघ तिथेच अडवला. पहिला मान अध्यक्षांच्या पत्नीचा. कुमुद बासष्टची, त्यात जुनी शुगर, म्हणजे वैद्यकीयदृष्ट्याही तीच बसते. बाईंनी बरं म्हणून फोन ठेवला. ते 'बरं' मला आवडलं नाही.

कुमुदला ही बातमी दिली. म्हणाली, मला मान नको, लस द्या.

विनोदबुद्धी चांगली आहे तिची.

८ मार्च, सोमवार

वीणाने (कन्या, गुरुग्राम, आयटी, घाई) परस्पर आईचं नाव उद्यासाठी एका रुग्णालयात नोंदवून टाकलं. मी फोनवर स्पष्ट सांगितलं, कॅन्सल कर. अध्यक्षाची बायकोच बाहेर टोचून आली तर मंडळात मला कोण विचारणार? वीणा म्हणाली, बाबा यार, आईची शुगर बघा, तुमचं मंडळ राहू द्या. मंडळ राहू द्या! दिल्लीत वाढलेल्या मुलांना मान या शब्दाचा अर्थ फक्त शरीराचा एक भाग एवढाच कळतो.

मी जेवलो नाही. शेवटी कुमुदनेच तिला फोन करून सांगितलं, राहू दे गं, चारचौघांत ह्यांचं हसं व्हायला नको, पाडव्यापर्यंत काय बिघडतंय.

मग जेवलो. मेथीची भाजी छान झाली होती. आणि पाडवा! हे मला कसं सुचलं नाही? साडेतीन मुहूर्तांपैकी एक. गुढी आणि लस एकाच दिवशी. कल्पना माझीच समजायला हरकत नाही, कारण विषय मी काढला होता.

१२ मार्च

जवळच्या सरकारी डिस्पेन्सरीत व्यवस्थेची पाहणी करायला गेलो. नोंदणी कुठे, टोचणी कुठे, नंतर अर्धा तास बसायचं कुठे, सगळं टिपून घेतलं. निघणार तेवढ्यात नर्स म्हणाली, अंकल, शीशी में एक डोस बचा है, फेकना पड़ेगा, आधार कार्ड है क्या? होतं. आता राष्ट्राच्या संपत्तीचा असा अपव्यय डोळ्यांदेखत होऊ देणं माझ्या स्वभावात नाही. बाही वर केली.

ही लस धरायची नाही. अनौपचारिक डोस. अधिकृत पहिली लस कुमुदचीच राहील. तिला सांगितलं नाही, उगाच तिच्या मानाला धक्का नको.

१३ मार्च

दंड ठणकतोय, अंगात कसकस. कुमुदला सांगितलं, स्टेजचा पडदा ओढताना लचक भरली. तिने गरम पाण्याची पिशवी आणून शेकलं. क्रोसिन न मागता दिली.

१९ मार्च

डिस्पेन्सरीच्या डॉक्टर मॅडम भल्या बाई. म्हणाल्या, हॉल पाहिला, ठीक आहे, मंगळवारी २३ तारखेला टीम पाठवते. मी नम्रपणे नकार दिला. म्हटलं, मॅडम, तेरा अप्रैल को हमारा नया साल है, उस दिन मुहूर्त है. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, टीके का मुहूर्त? मी त्यांना साडेतीन मुहूर्त समजावून सांगितले. अर्ध्या मुहूर्तावर सविस्तर बोललो, कारण लोक तिथेच गोंधळतात. म्हणाल्या, तब तक हालात कैसे होंगे, मैं वादा नहीं कर सकती.

सरकारी माणसं अशीच बोलतात. मीही असाच बोलायचो.

२ एप्रिल

हॉलला पांढरा रंग झाला. उंदीर होते. डिस्पेन्सरीने कापडी फलक पाठवला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'टीका केंद्र'. मी परत पाठवला. मराठी मंडळाच्या दारावर टीकेचं केंद्र? फणसळकर म्हणाले, लावा की भाऊसाहेब, आपल्याकडे ते बारा महिने चालूच असतं. मी हसलो नाही. नवा फलक करायला टाकला. पेपरात आकडे चढताहेत, पण ते मुख्यतः इतर भागांतले असावेत.

६ एप्रिल

दिल्लीत रात्रीचा कर्फ्यू. आपलं शिबिर सकाळी आहे, तेव्हा आपल्याला लागू नाही.

कुमुदने चहा देताना विचारलं, डिस्पेन्सरी दोन गल्ल्या पलीकडे तर आहे, चालत जाऊन घेऊन येऊ का? कुणाला कळणार नाही. मी म्हटलं, एवढं थांबलीस, आता आठवडा राहिला. सगळं मंडळ थांबलंय तुझ्यासाठी. ती बरं म्हणाली. ह्या 'बरं'मध्ये काही खोच नव्हती. नुसतं बरं.

१२ एप्रिल, सोमवार

मॅडमचा फोन. दोन नर्सेस पॉझिटिव्ह, टीम येणार नाही, लाइन में आ जाइए. मी म्हटलं, मुहूर्ताचं काय? त्यांनी फोन ठेवला. बहुधा नेटवर्क.

कार्यक्रमांना बंदी आहे. पण हॉलच्या पाहणीला बंदी असल्याचं आदेशात कुठेही नाही. मी तीनदा वाचला.

१३ एप्रिल, गुढीपाडवा

हॉल उघडला! शिबिर नाही झालं तरी टप्पा एक पूर्ण. बरेच जण 'पाहणीला' आले. गुढी दारात, आत श्रीखंड-पुरी. खिडक्या रंगाने चिकटल्यामुळे उघडत नव्हत्या, तेवढं सोडलं तर दृष्ट लागण्यासारखं. सगळे बिनधास्त, मास्क हनुवटीवर, गळाभेटी. एवढी साथ चालू असताना हे धैर्य! मला अभिमान वाटला. फणसळकर खोकत होते, म्हणाले पित्त आहे. कुमुदने सगळ्यांना स्वतः वाढलं. नारायणपेठी नेसली होती, वर्षभराने.

१७ एप्रिल

कुमुदला ताप. काल उन्हात गच्चीवर पापड घातले, त्याचा असणार.

१८ एप्रिल

मलाही सर्दी. किरकोळ. तिचा ताप उतरत नाही. फणसळकर पॉझिटिव्ह, असं ग्रुपवर आलं. पित्ताचं निदान तसं कठीणच असतं.

१९ एप्रिल

लॉकडाऊन लागला. शेजाऱ्यांकडून ऑक्सिमीटर आणला. कुमुदचं बोट घातलं, अठ्ठ्याऐंशी. बॅटरी उतरली असावी. माझं बोट घालून पाहिलं. सत्त्याण्णव.

बॅटरी ठीक आहे.

२१ एप्रिल

वीणा गाडी घेऊन आली, दोन मास्क लावून. बेड कुठेच नाही. मी जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले. जॉइंट सेक्रेटरी झालेला एक जण माझ्या हाताखाली नोटिंग शिकला होता. त्याने उचलला नाही. मग कळलं, तो स्वतःच बेड शोधतोय. मी एक निवेदन लिहायला घेतलं. विषय, संदर्भ, महोदय. वीणा म्हणाली, बाबा, कोणाला पाठवणार? पत्ता नसलेलं निवेदन मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं.

संध्याकाळी फरीदाबादला बेड मिळाला. वीणाने मिळवला. कसा, ते तिने सांगितलं नाही.

कुमुदला जिन्यावरून दोघांनी धरून उतरवलं. म्हणाली, गॅसवर दूध आहे.

२५ एप्रिल, रविवार

वॉर्डमधून एका नर्सने फोनवर तिच्याशी बोलणं करून दिलं. धाप लागत होती, शब्द तुटत होते. मी सांगितलं, काही काळजी करू नकोस, बरी होऊन ये, शिबिर तुझ्यासाठी थांबवून ठेवलंय. मागे मशीनचा आवाज. मग म्हणाली, तुम्ही घेतलीत ते बरं केलंत हो. मी म्हटलं, काय घेतली? म्हणाली, तुमच्या फोनवर मेसेज आला होता, तुम्ही कुठे वाचता. लचक काय, टोचल्याची सूज काय, मला कळत नाही का?

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

म्हणाली, एकाची तरी झाली, म्हटलं, बास.

नर्सने फोन काढून घेतला.

मी ती लस राष्ट्राची संपत्ती वाया जाऊ नये म्हणून घेतली होती. हे मी मार्चमध्येच लिहून ठेवलंय. काढून वाचलं. पटलं नाही.

२९ एप्रिल

कुमुद गेली.

सगळं वीणाने केलं. आत एकालाच सोडत होते. मी गाडीत होतो. काचा बंद होत्या तरी धूर आत येत होता.

२ मे

ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. प्रत्येकाने हात जोडलेले. अलकनंदाबाईंनी दिव्याचं चित्रही टाकलं. फणसळकर घरच्या घरीच बरे झाले. चांगली गोष्ट आहे. वय माझ्यापेक्षा जास्त, वर दमा, तरी साधा खोकला होऊन गेला. माणसा-माणसाच्या प्रकृतीत फरक असतो, एवढाच अर्थ मी काढला.

दूध मी आता फ्रीजमध्ये ठेवतो. दोनदा उतू गेलं.

१४ जून, सोमवार

बाजार उघडले. डिस्पेन्सरीच्या मॅडमचा स्वतःहून फोन. आता साठा आहे, येत्या रविवारी आपल्या हॉलमध्ये टीम पाठवू का? मुहूर्त नाही विचारला त्यांनी. मीही नाही सांगितला. लगेच हो म्हटलं.

कुमुदच्या नावाने शिबिर करायचं. ती मंडळासाठी थांबली, आता मंडळ तिच्यासाठी येईल. ग्रुपवर लिहिलं: ज्यांनी आजवर मंडळाच्या शब्दाखातर प्रतीक्षा केली त्या सर्वांनी यावे. अंगठे आले, पूर्वीइतकेच. धीर आला.

२० जून, रविवार

सकाळी स्वतः झाडून काढलं. खिडक्या सुताराकडून उघडून घेतल्या. खुर्च्या अंतर ठेवून मांडल्या, चौदा पानी आराखड्यात आहेत अगदी तशा. टीम वेळेवर आली. मॅडम, दोन नर्सेस, निळा डबा. मी दारात उभा राहिलो.

अकरापर्यंत कोणी नाही. म्हटलं, रविवार आहे, मराठी माणूस उशिरा उठतो. बारा वाजता फणसळकरांना फोन केला. आवाजात जरा जोर आणून विचारलं, किती जणांना घेऊन येताय?

ते म्हणाले, भाऊसाहेब, आमची दोन्ही टोचणं केव्हाच झाली. मी तर पहिल्याच आठवड्यात घेतली. दिघेबाई माझ्या पुढे रांगेत होत्या. सगळ्यांनीच मार्चमध्ये उरकून घेतली, मुलंसुद्धा आता मेमध्ये जाऊन आली. ग्रुपवर कशाला लिहायचं, तुम्ही एवढ्या हौसेने चालवलं होतं, म्हणून अंगठा देत होतो. मग आवाज उतरवून म्हणाले, खरं सांगू, तुमच्या सांगण्यावरून कोणी खरोखर थांबलं असेल असं आमच्या डोक्यातच आलं नाही हो.

मी फोन ठेवला. पाडव्याला सगळे इतके बिनधास्त का होते ते कळलं. त्या हॉलमध्ये बिनलशीचं माणूस एकच होतं, आणि ते सगळ्यांना श्रीखंड वाढत होतं.

एवढ्या मोठ्या मंडळात माझा शब्द एकाच माणसाने खरा मानला.

दोनपर्यंत टीम बसली. नर्सेसनी वडे खाल्ले, चांगले आहेत म्हणाल्या. मॅडम रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, त्या रागावल्या नाहीत. निळा डबा बंद करताना सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, अंकल, आपके घर में कोई बाकी है क्या?

मी नाही म्हटलं.