आमरीला वळसा

ता. आजरा, १० जुलै २०२४
ती. अक्कास, बसवेशचा शि. सा. न.
नारळ फुटला आणि पाणी आमरीवर उडालं, तुझ्या त्या वीतभर पांढऱ्या फुलांच्या रोपांवर. फोडणारे आपले अप्पा.
शेळ्यांनी आणि माणसांनी ती तुडवू नयेत म्हणून शेजारच्या दगडाला मी शेंदूर लावला होता. तूच हसत म्हणाली होतीस, आपल्या गावात शेंदराशिवाय कोण वळसा घालतं. आता रोज दहाजण येतात. सरपंच बाळासो म्हणतात, राईत देवी प्रकटली. रविवारी ताडपत्री बांधून सिमेंटचा कट्टा घालायचा ठरलाय. अकराही रोपं खाली जाणार. फोन लागत नाही, दुधाच्या गाडीबरोबर चिठ्ठी धाडतोय. लगेच लिही.
लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
बसवेश

राजारामपुरी, ११ जुलै
चि. बसवेशला अनेक आशीर्वाद.
मी गमतीनं बोलले आणि तू शेंदराची डबी घेऊन निघालास. लहानपणापासून असाच आहेस.
रोपं उपटून हलवू नकोस. त्यांना त्याच राईची माती लागते. कॉलेजच्या बागेत मी दोनदा लावली, दोन्हीदा मेली. तालुक्यात दुसरी जागा मला सापडलेली नाही. खरं सांगावं लागेल. माझं नाव घे, शिव्या इथवर पोचत नाहीत. पण अप्पांना आधी घरात सांग. चारचौघांत त्यांना कळू नये.
जेवत जा. माया आहे ती राहू दे.
तुझी शांभवी

ता. आजरा, १३ जुलै
ती. अक्कास शि. सा. न.
गाडी उशिरा आली. चिठ्ठी वाचली तोवर गाव देवळात बसलं होतं, अप्पा पुढच्या रांगेत. तिथंच उभा राहून सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही.
कुणी ओरडलं नाही. बाळासो म्हणाले, पोरगं खोटं बोलतंय, काम सकाळी होणारच. अप्पा एवढंच म्हणाले, “मग मी नारळ कुणाला फोडला रं?” ते जेवले नाहीत.
तू तरी दूर करू नकोस.
बसवेश

ता. क. १४ जुलै, सकाळ. माणसं वाळू घेऊन आली तेव्हा अप्पा आधीच राईत होते. दगडावरचा शेंदूर ते धोतराच्या सोग्यानं पुसत होते. दगड कोरा बघून माणसं परत गेली. दोन रोपं मोडली आहेत, नऊ उभी आहेत. अप्पा आमरीला वळसा घालून घरी गेले.