गुडघा बघा, सर

४ मार्च

ताई,

वाकून नमस्कार करायला आता गुडघा परवानगी देत नाही, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तू बरी असशील, घरचे बरे असतील. तू तलावावर लहान मुलींना पोहायला शिकवतेस असं मावशी म्हणाली. अठरा वर्षांत आपल्यात शुभेच्छांच्या कार्डांशिवाय काही गेलं-आलं नाही, म्हणून सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

पेपरात वाचलं असशीलच. मी थांबतेय. अठरा वर्षं देशाच्या संघात, त्यातली नऊ कर्णधार, पाच हंगाम परदेशातल्या क्लबकडून. पुढच्या आठवड्यात निरोपाचा कार्यक्रम आहे. माझ्या जर्सीचा नंबर आता कुणालाच द्यायचा नाही म्हणे. मी म्हटलं, द्या की, बिचारा सात आकडा आहे, त्याने काय पाप केलंय.

एक लेखिकाबाई माझं चरित्र लिहितायत. रोज सकाळी येतात, टेबलावर रेकॉर्डर ठेवतात आणि विचारतात, "सुरुवातीपासून सांगा." मी सांगते. पाण्याच्या टाकीमागचं सिमेंटचं मैदान, एका बाजूला कललेली रिंग, आणि माझा डावा हात सुधारावा म्हणून उजवा हात ओढणीने पाठीशी बांधून मला पळवणारी माझी ताई. अंतिम सामन्यातला तो शेवटच्या सेकंदाचा बास्केट डाव्या हाताचा होता, सगळं जग त्यावर बोललं. शिकवला कुणी ते आता पुस्तकात येईल. "मग ताईंनी खेळ का सोडला?" बाई विचारतात. मी म्हणते, दुखापत. आणि चहा ठेवायला उठते. दिवसातून चार वेळा चहा झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हाला बसणं जमत नाही का?"

खरंच जमत नाही. हे पत्रही ओट्यापाशी उभी राहून लिहितेय. दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं, खिडकीपासून ओट्यापर्यंत सहा. बाबा खुर्चीतून बघत असतात. ते दोन वर्षं माझ्याकडेच आहेत, हे तुला माहीत असावं. डाव्या कानाने ऐकू येत नाही. मॅच लागली की आवाज इतका मोठा ठेवतात की खालच्या मजल्यावरच्यांना स्कोअर कळतो. "बस जरा, शिडी," म्हणतात. शिडी हे नाव तूच ठेवलं होतंस.

गुडघ्याचं सांगायचं राहिलं. वर्षभर दुखत होता. मी संघाच्या डॉक्टरला न सांगता बाहेर इंजेक्शनं घेत होते. आमच्याकडे एक नवी मुलगी आहे, बुटकी आणि चपळ, तिला सगळे चिमणी म्हणतात. उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी तिने मला ड्रेसिंगरूममध्ये बूट घालताना पाहिलं. मी दोन्ही हातांनी पाय उचलून बाकावर ठेवत होते. ती तशीच बाहेर निघून गेली. तासाभराने कोचने मला बोलावलं, स्कॅन झालं आणि संघातून माझं नाव गेलं.

मी चिमणीला सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. चुगलखोर म्हटलं. ती रडली, पण जागची हलली नाही. "ओरडा, ताई," म्हणाली. "पण तुमच्या जागी खेळायला आहे कोण? उद्या आपण हरणार, मला माहीत आहे. तरी सांगितलं. तुम्ही म्हातारपणी चालायला हव्यात."

एकोणीस गुणांनी हरलो.

तेव्हापासून त्या पोरीचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. तुला का सांगतेय हे कळवीन पुढच्या पत्रात. कार्यक्रमाचं निमंत्रण सोबत आहे. दोन खुर्च्या तुझ्या नावाने ठेवायला सांगितल्यात.

शिडी


१२ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "अभिनंदन. बाबा असतील तिथे मी येणार नाही, तू ओळखायला हवं होतंस." ओळखलं होतं. तरी बोलावलं, कारण तू येणार नाहीस याची खात्री होती. हे असं आहे बघ माझं. बोलावल्याचं पुण्यही पदरात आणि तुझ्यासमोर उभं राहण्याची वेळही टळली.

आता लिहिते. मध्येच थांबले तर पुन्हा लिहायची नाही.

देशाच्या संघाच्या निवड-शिबिराचा शेवटचा आठवडा. बारा जणींची यादी तीन दिवसांनी लागणार होती. तू पहिल्या पाचात होतीस, त्यात कुणालाच शंका नव्हती. मी तेरावी. सरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "तू अजून कच्ची आहेस, पुढच्या वर्षी बघू." मी एकोणीस वर्षांची होते आणि पुढचं वर्ष मला म्हातारपणाइतकं लांब वाटत होतं.

त्या सकाळी आपल्या खोलीत तू पलंगावर बसून गुडघ्याला पट्टी बांधत होतीस. एकावर एक, दोन पट्ट्या. वरून लांब पॅन्ट. गुडघा नारळाएवढा सुजला होता. तू म्हणालीस, "तीन दिवस. फक्त तीन दिवस तोंड बंद ठेव. मग मी स्वतः डॉक्टरकडे जाते." मी मान हलवली. तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस आणि लंगडणं लपवायला जिन्यावरून मुद्दाम गाणं म्हणत उतरलीस.

त्याच सकाळी बाबा आले होते, आपले गरम कपडे द्यायला. तुला चालताना बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "काही नाही, बूट चावतो," तू म्हणालीस. नंतर फाटकापाशी ते सरांशी बोलताना तू पाहिलंस. सगळ्यांनीच पाहिलं.

पण त्याच्या आधीचं तू पाहिलं नाहीस.

चेंडू ठेवायच्या खोलीत मी चेंडूंत हवा भरत होते. सर आले. हातात यादीचा कागद होता. म्हणाले, "तुझी बहीण आज जडच पळतेय. झोप नीट झाली नाही वाटतं तिची?" ताई, त्यांनी मला उत्तर हातात आणून दिलं होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. ते तसेच पुढे गेले असते.

मी म्हटलं, "गुडघा बघा, सर. पॅन्ट वर करून बघा."

एवढंच. चेंडूतला पंप मी हातात तसाच धरून ठेवला होता. सर गेले आणि माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी मनातल्या मनात एकेकीचं नाव घेऊन बारा मोजले, आणि बारावी मी होते.

पुढचं तुला माहीत आहे. स्नायूबंध अर्धा फाटला होता, डॉक्टर म्हणाले सहा महिने विश्रांती. अजून आठवडाभर खेळली असतीस तर पूर्ण तुटला असता, असंही म्हणाले. हे वाक्य मी अठरा वर्षं पुरवून पुरवून वापरलंय. झोप लागली नाही की तेच काढायचं. मी तुझा पाय वाचवला. चारचौघांत कुणी विचारलं तर तेही नाही, "सरांच्या लक्षात आलं" म्हणायचं.

आणि मग चिमणी आली. तिने सांगितलं तेव्हा तिच्या पदरात फक्त हार होती. तिला माहीत होतं. मी सांगितलं तेव्हा मला जागा मिळाली. शब्द जवळजवळ तेच, गुडघाही तसाच. मी माझा त्या दिवसाचा चेहरा आठवून पाहते, त्यात तिच्यासारखं काही सापडतंय का. तुझी काळजी अजिबात नव्हती असं म्हणवत नाही. होती. पण ती मागाहून आली.

अजून अर्धं राहिलंय, आणि ते जास्त वाईट आहे.

घरी आल्यावर तू बाबांसमोर उभी राहिलीस. "तुम्हीच सांगितलंत. त्या स्थळासाठी. मला खेळू द्यायचं नव्हतं, लग्न लावून मोकळं व्हायचं होतं." मी दारात होते. बाबांनी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सरांनी फाटकापाशी त्यांना सांगितलेलं होतं, धाकटीने कळवलं म्हणून. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते म्हणाले, "हो. मीच सांगितलं."

मी तोंड उघडलं नाही. तू महिन्याभरात घर सोडलंस, खेळही. लग्न केलंस, त्यांना कळवलं नाहीस. आई गेल्यावर ज्या माणसाने आपल्या दोघींच्या वेण्या घालायला शिकून घेतलं, त्याच्याशी तू अठरा वर्षं बोलली नाहीस. आणि मी दर वर्षी कार्ड पाठवत राहिले.

हे सगळं मी काल लेखिकाबाईंना सांगितलं. चहा न ठेवता. त्यांनी मध्येच रेकॉर्डर बंद केला. म्हणाल्या, "हे छापायचं का, ते तुमच्या ताईंना विचारा." तेव्हा विचारते. तू म्हणशील तसं. छापलं तर लोक मला काय म्हणतील याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण ते आता तुझ्या हातात असू दे.

माफी मागायला लेखणी तीनदा टेकवली. मागितली की तू द्यायची की नाही या पेचात पडशील, म्हणून मागत नाही. माझ्यावर हवी तेवढी चीड धर. फक्त बाबांवरची काढून घे. ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत.

शिडी


२९ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. माझ्या नावाचं नव्हतं.

बाबांनी ते खिडकीपाशी उभं राहून वाचलं. एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मी अकरा पावलं गेले, अकरा पावलं आले. शेवटी विचारलं, "काय लिहिलंय?"

"मला लिहिलंय," ते म्हणाले. आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं.

जेवताना मी त्यांना विचारलं, की त्या दिवशी "हो" का म्हणालात. उजव्या कानाशी जाऊन विचारावं लागलं, त्यामुळे जे हळू विचारायचं होतं ते ओरडून विचारलं गेलं. त्यांनी घास खाली ठेवला. "मला वाटलं, बापावरचा राग उतरतो. बहिणीवरचा लवकर उतरत नाही. दोन-चार महिन्यांत येईल परत, असं धरून चाललो." मग ताट पुढे सारलं. "हिशेब चुकला," म्हणाले.

मी म्हटलं, मग नंतर का नाही सांगितलंत? म्हणाले, "तोवर तू खेळायला लागली होतीस. बरी खेळत होतीस."

मला ओरडायचं होतं. त्यांच्यावर, स्वतःवर, कुणावर तरी. तुझा अर्धा राग आता मला कळतो, ताई. त्यांनी आपल्या दोघींचं भलं एकट्याने ठरवलं आणि दोघींनाही विचारलं नाही. मी त्यांच्या मागे लपले हे खरं, पण त्यांनी लपू दिलं. तुझ्या पत्रात हेच असेल तर त्यांना ते सुनाव. त्यांना ऐकायचं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरची बॅग काढायला सांगितली.

कार्यक्रम झाला. दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. माझ्या हातात माइक दिला तेव्हा वाटलं, इथेच सांगून टाकावं, सुटू. मग समोर बघितलं. दहा हजार लोक टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. सांगितलं असतं तर त्यावरही वाजवल्या असत्या. म्हणून सगळ्यांचे आभार मानले आणि खाली उतरले. चिमणी कोपऱ्यात उभी होती. तिच्याजवळ जाऊन म्हटलं, चुकले. ती म्हणाली, "व्यायाम करता का रोज?" मी म्हटलं, करते. "मग झालं."

माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. काळजी कर म्हणून नव्हे, नुसतं कळवतेय.

आज सकाळी बाबांना बसमध्ये बसवलं. निळा शर्ट घातला होता, हातात एक बॅग, दुसरी नको म्हणाले. हे पत्र मिळेल तोवर ते तुझ्याकडे पोहोचलेले असतील. त्यांच्या उजव्या बाजूला बस, म्हणजे ऐकू येईल. रक्तदाबाची गोळी सकाळची, विसरतात आणि घेतली म्हणून सांगतात. जिना असेल तर हात देऊ नकोस, चिडतात. नुसती एक पायरी मागे राहा.

कंडक्टरने मला ओळखलं. म्हणाला, "तुम्हीही चढा, मॅडम, जागा आहे." मी नाही म्हटलं. तू मला बोलावलेलं नाहीस. आणि न बोलावता तुझ्या वाटणीच्या जागेवर मी एकदा जाऊन बसले होते, तेवढं पुरे.

बस वळणापर्यंत दिसली. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही, ते पुढेच बघत होते.

पुस्तकाचं तू काही कळवलं नाहीस. बाई थांबायला तयार आहेत. मीही.

त्यांना सांभाळ. माझं राहू दे.

धाकटी