व्यंकटरावांच्या वहाणा

१२ जानेवारी

आज चारठाण्याला आलो. देवळामागची खोली मिळाली, लहान पण उजेडाची. काम सोपं आहे. सकाळी झाडलोट, दिव्यांना तेल, दुपारी कुलूप. चौथी शिकून जन्मभर मेंढरं राखली, आता देवाची चाकरी. बरं वाटलं. ट्रस्टचे अण्णासाहेब भला माणूस. त्यांनी एवढंच विचारलं की दुखणंबिखणं काही नाही ना. मी नाही म्हणालो.

माझ्या आधी इथं व्यंकटराव राहायचे, दिवाळीत वारले. त्यांच्या कातडी वहाणा दाराशी आहेत. घालून पाहिल्या, दोन बोटं सैल. भिंतीवर त्यांच्या टेकलेल्या पाठीचा आणि डोक्याचा तेलकट डाग आहे. चुना आणायला हवा.

१४ जानेवारी

शेजारच्या कुसुमबाईंनी तिळगूळ दिला. मी तो मुठीत धरून उभा राहिलो, तर म्हणाल्या, काय मामा, साखर झालीय का तुमाला? बायका हसल्या. मी पाच लाडू खाल्ले.

साखरेच्या गोळ्या पणत्यांच्या टोपलीत तळाशी लपवल्या आहेत. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. घरी साखरेपायी माझं अंथरूण ओलं व्हायचं. सून दिपाली नाकाला पदर लावून चादरी धुवायची. एकदा शेजारणीला म्हणाली, म्हातारं मेंढरावाणी बसल्या जागी करायलंय. मी ओट्यावरच होतो. त्याच आठवड्यात देवाच्या सेवेला जातो असं सांगून निघालो. आता परत जायला तोंड नाही.

३ फेब्रुवारी

गोळ्या संपल्या. औषधाच्या दुकानात अण्णासाहेबांचा पुतण्या बसतो. दोनदा दारापर्यंत गेलो आणि वळलो. पेढे, शिरा रोज हातावर पडतो. देवाचं नको कसं म्हणायचं? भिंतीला चुना दिला.

१७ फेब्रुवारी

दुपारी आडवा झालो की छातीवर कुणीतरी बसतं. उठून भिंतीला टेकलो की उतरतं. कुसुमबाईंना सहज विचारलं, तर म्हणाल्या, व्यंकटरावानं शेवटी शेवटी अंथरूण पसरलंच न्हाई, बसूनच झोपायचा.

डाग चुन्यातून वर आला आहे.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. लय गर्दी. बारा पायऱ्या चढताना तीनदा बसलो. लोकांना वाटलं, जप करतोय. माझ्या चपलांत पाय शिरेनात, म्हणून त्यांच्या वहाणा घातल्या.

बरोबर बसल्या.

४ मार्च

घरोघरी तब्येत विचारत फिरणाऱ्या आशा सेविका, साधनाबाई, आल्या होत्या. माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेना. त्यांनी सांगितलं, साखर लय वर्षं अंगात राहिली की काळजाचं मांस थकतं, मग अंगात पाणी साचतं, आडवं पडलं की दम कोंडतो. जिंतूरला दवाखान्यात चला, औषध हाय. मग विचारलं, आजोबा, तुमाला साखर हाय का?

दारात अण्णासाहेब उभे होते. मी नाही म्हणालो.

जाताना त्या हळूच बोलल्या, व्यंकटरावबी याच भिंतीला टेकून न्हाईच म्हणले होते.

७ मार्च

बसूनच असतो. आज मागं हात लावून पाहिलं. डोकं डागात बरोबर — खांदेसुद्धा. जागा बदलली तर दम — इथंच बरं वाटतं. असं का वाटावं?

८ मार्च

वहाणा आवळतात. निघत नाहीत. खोकल्यात फेस आला. कुसुमबाईंनी दार वाजवलं. झोपलोय म्हणालो. लाज —

९ मार्च

आज साधनाबाई यायच्या आहेत. बोलायला दम पुरणार नाही. म्हणून ही वही उघडी ठेवतो, दारासमोर. कुणीही वाचावं. अण्णासाहेबांनीपण.

बाई, मी खोटं बोललो. चादरी — ते वर लिहिलंय. व्यंकटरावांसारखं मला — पाऊल वाजलं. तुम्हीच असाल.

मला बारा वर्षांपासून साख