रोहूशेजारचा देवमासा

अकोला,
१९ मार्च

ती. मामांना,

अकोल्याहून दामिनीचा वाकून नमस्कार. (मार्चातच ऊन इतकं तापून राहिलं की वाकल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. तरी वाकली.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींची साखर? अमरावतीला तुमच्याकडे कूलर लागला असेल. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. ठीक काहीच नाही.

तुम्हाला माहीतच आहे, अकरा वर्षं झाली, मी या ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवते. म्हणजे घंटा वाजली की मॅडम, तास संपला की कोणीच नाही. यंदा कायम जागा निघाली, मुलाखती पुढच्या शुक्रवारी, आणि पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही. अशा वेळी शहाणी बाई गुमान राहिली असती. मी देवमासा दुरुस्त करायला गेली.

आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर प्राण्यांच्या वर्गीकरणाचा तक्ता आहे. संस्थापक कै. सूर्यभानजींनी, म्हणजे आताच्या अध्यक्षांच्या वडिलांनी, स्वतःच्या हातानं ऑइलपेंटनं काढलेला. दर पुण्यतिथीला त्याला हार घालतात, उदबत्ती लावतात, पोरांना चपला बाहेर काढायला लावतात. (हार वर्षभर तसाच सुकत लोंबतो, आणि खिळा पक्ष्यांच्या रकान्यावर आहे. त्यामुळे आमच्याकडे मोर कोणी पाहिलेला नाही.) त्या तक्त्यात देवमासा माशांत आहे, रोहू आणि बोंबलाच्या मधोमध. अकरा वर्षं मी तोंडानं सस्तन शिकवते आणि पोरं भिंतीवरून मासा उतरवून घेतात. यंदा टर्पेंटाइन आणलं, त्याला तिथून पुसलं आणि सस्तन प्राण्यांत गायीच्या खाली, पाणघोड्याच्या बाजूला जागा होती तिथे लिहिला. तेही नेमकं पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी. काय अक्कल माझी.

अध्यक्ष आले, हार घातला, हात जोडले आणि ते जोडलेलेच राहिले. मग मी (कोणी विचारलं नव्हतं) सगळा इतिहास सांगितला. की हा फुप्फुसानं श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, हे अ‍ॅरिस्टॉटलला दोन हजार वर्षांपूर्वीच कळलं होतं, तरी लोकांनी त्याला माशांतच ठेवला. लिनियसनं १७३५ साली मासा लिहिला आणि १७५८ साली स्वतःच खोडून सस्तन केला. पुढे कोणी हाडं पाहून खुरवाल्या जनावरांशी नातं जोडलं, आणि आता जनुकं तपासून तो पाणघोड्याचा जवळचा भाऊबंद ठरला, गायबैलही त्याच खटल्यातले. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "लिनियस जित्ता होता, म्हनून त्यानं आपली चूक आपल्या हातानं खोडली. आमचे बाबा गेले. आता त्या भिंतीले हात लावाचा हक्क कोनाले?" मामा, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. प्राचार्यांनी चहा पाजला. चूक तुमची नाही, म्हणाले, पण भिंत त्यांची आहे. घरी येऊन मी आधी रडली, मग चिडली. देवमाशाला आपल्या जागी बसायला दोन हजार वर्षं लागली, तिथे माझ्या अकरा वर्षांचं काय घेऊन बसायचं? नोकरी गेली तर गेली. मी केलं ते बरोबर केलं, आणि एक अक्षरही मागे घेणार नाही. हे तुम्हाला कळवावं, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुमची भाची,
दामिनी

ता. क. अध्यक्ष तुमचे वर्गमित्र, राहायलाही अमरावतीलाच, दर रविवारी तुमच्याकडे चहाला असतात. त्यांच्या कानावर एवढं घाला, की नत्थुजी पेंटरला बोलावून, सूर्यभानजींच्या वळणाचं अक्षर काढून घेऊन, मी देवमासा पुन्हा रोहूशेजारी बसवला आहे. याच रविवारी सांगा. यादीत अजून नाव घालता येतं म्हणतात.

आणखी एक. कालच्या चाचणीत रागिणी नावाच्या पोरीनं देवमासा सस्तन लिहिला. मीच शिकवलं होतं. मार्क कापला. तिनं विचारलं, "मॅडम, काहून कापला?" मी भिंतीकडे बोट दाखवलं.